वाढलेल्या ताटाचा फोटो

मला एका जागी बसता येत नाही. शाळेत बाई म्हणायच्या, हिच्या पायाला भिंगरी आहे. आई म्हणते, ही जेवतेसुद्धा उभ्यानं. अशा मुलीला पवईतल्या एका ऑफिसात, सहाव्या मजल्यावर खुर्चीत बसून, दिवसभर लोकांना "वेळेवर जेवा, सावकाश चावून खा" असं सांगायची नोकरी मिळाली. हुद्दा हेल्थ कोच. घाटकोपरला आमच्या शेजारच्या काकूंना मी तीनदा समजावलं, तरी त्या आल्यागेल्याला "ती डॉक्टरांच्या फोनवर असते" असंच सांगतात. आणि खरं म्हणजे हुद्द्यापेक्षा तेच जास्त बरोबर आहे.

काम असं होतं. मराठवाड्यातल्या काही गावांतले मधुमेहाचे पेशंट आमच्या यादीत होते. गावातली आशाताई, म्हणजे घरोघरी जाऊन लोकांच्या तब्येतीचं बघणारी कार्यकर्ती, आठवड्यातून एकदा त्यांच्या बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर मोजायची आणि आकडा आम्हाला कळवायची. गोळ्या आमचे डॉक्टर ठरवायचे. मधल्या सहा दिवसांत पेशंटनं गोळी घेतली का, काय खाल्लं, चालायला गेला का, हे फोनवर विचारत राहणं माझ्याकडे. माझ्या यादीत एकशे चाळीस माणसं होती आणि त्यातलं एकही मी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. मला घेतलं ते वडील परभणीकडचे म्हणून. मुलाखतीत टीम लीडर म्हणाला, "तुला तिकडची भाषा येते ना? मग झकास." मला तिकडची भाषा येते ती उन्हाळ्याच्या सुट्टीत जेवढी कानावर पडली तेवढी. मी होकार दिला. पवईच्या तलावाकडे तोंड करून परभणीकडच्या शेळ्या उंटावरून हाकायला लागले.

खुर्चीत बसून मला बोलता यायचं नाही. हेडफोनची वायर दोनदा तोडल्यावर टीम लीडरनं कंटाळून मला बिनवायरीचा दिला. मग मी खिडकी ते पाण्याचं मशीन, पाण्याचं मशीन ते लिफ्ट अशा येरझाऱ्या घालत लोकांना स्वस्थ राहायला सांगायची. आई पहाटे उठून डबा द्यायची. तो कधी दुपारी तीनला उघडायचा, कधी तसाच घरी परत जायचा. आई डब्याचं वजन हातात घेऊनच ओळखायची आणि म्हणायची, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान."

फोटोची पद्धत आमच्याकडे नवीन आली होती. लोक फोनवर काहीही सांगतात, म्हणून पेशंटनं सकाळच्या जेवणाचा फोटो पाठवायचा. त्यासाठी आम्हाला एक वाक्य लिहूनच दिलं होतं: 'ताट वाढलं की फोटो काढा, गोळी घ्या, मग जेवा.' फोटो आला की कोचनं ताटाला दहापैकी गुण द्यायचे. भाजी असेल तर दोन, डाळ किंवा उसळ असेल तर दोन, असं. मला हा खेळ आवडला. मी तशी जात्याच मास्तरीण.

माझ्या यादीत एक मावशी होत्या. पंचावन्नच्या आसपास असतील. घरात त्या, नवरा आणि बिनलग्नाचा मोठा मुलगा. तिघंच. दोघं पुरुष शेतावर जायचे. मावशींचे गुडघे गेलेले, म्हणून त्या घर आणि एक म्हैस सांभाळायच्या. पहिल्या फोनला त्यांनी मला "म्याडम" म्हटलं, दुसऱ्याला "बाई", आणि पंधरा दिवसांत मी "लेकरू" झाले. बाकीच्या पेशंटांच्या मागे लागून लागून माझा घसा सुकायचा. मावशींचा फोटो मात्र रोज सकाळी आठ-चाळीसला, घड्याळ लावून घ्यावं असा, यायचा.

आणि काय ताट असायचं! दोन ज्वारीच्या भाकरी, मेथी नाहीतर शेपूची भाजी, वाटीत घट्ट वरण, डावीकडे मीठ, ठेचा, कांद्याची फोड. सगळं जिथल्या तिथे. मी दहापैकी नऊ देऊन मोकळी व्हायची. दहा दिले तर पेशंट शेफारतो, हा माझा शहाणपणा. टीमच्या मीटिंगमध्ये मी त्यांची ताटं पडद्यावर दाखवली. शेजारची पोरगी म्हणाली, "यार, तुझी मावशी तर टॉपर आहे." मी अशी फुशारले की जणू भाकऱ्या मीच थापल्या होत्या.

एकच गोष्ट बसत नव्हती. आशाताईनं मोजलेली साखर काही उतरत नव्हती. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा चहा सापडला. मावशी सकाळपासून चार-पाच कप चहा प्यायच्या, आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर.

"मावशी, हेच विष आहे," मी येरझाऱ्या घालता घालता म्हणाले. "साखर बंद म्हणजे बंद."

"चहाबिगर ताकद येत नाही गं लेकरा. कामं उरकायला पाहिजेत ना."

"इतकं छान जेवता सकाळी, मग ताकद कशी येत नाही?"

त्यावर त्यांनी म्हशीला हाक मारली. नंतर म्हणाल्या, "बरं. तू म्हणतीस तर सोडते." आणि सोडला. खरोखर साखरेचा चमचा सोडला. मी माझ्या वहीत त्या दिवसापुढे चांदणी काढली.

तरी पुढच्या वेळी आकडा जास्तच आला होता. तो चहातली साखर सोडायच्या आदल्या दिवशी मोजलेला होता, हे मी नीट बघितलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, "आहार कसा आहे?" मी लिहिलं, 'उत्तम. रोज फोटो येतो.' त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून सकाळच्या गोळीचा डोस वाढवला. मी मावशींना मोबाइलवर साडेआठचा गजर कसा लावायचा ते फोनवरूनच शिकवलं. गजर झाला की गोळी, गोळी झाली की जेवण. हे शिकवताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता, तो आठवला की आजही अंगाची आग होते.

त्यानंतर दोन वेळा त्या म्हणाल्या की अकराच्या सुमाराला अंगात कापरं भरतं, घेरी आल्यासारखं होतं. कापरं म्हटल्यावर मी थांबायला हवं होतं. गोळी जास्त झाली किंवा पोटात अन्न नसलं की साखर एकदम खाली जाते, हात थरथरतात, घाम फुटतो, माणूस बेशुद्ध पडतं. हे मला पाठ होतं, परीक्षेत मी ते लिहून पास झाले होते. पण पोटात अन्न नसेल, हे माझ्या मनातच आलं नाही. माझ्याकडे फोटो होता ना. मी म्हणाले, "उन्हात फिरू नका, पाणी प्या."

तो दिवस मंगळवार होता. आठ-चाळीस झाले आणि फोटो आला नाही. पावणेनऊला मी फोन उघडून बघितला, नऊला पुन्हा बघितला. मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला, परत तेच.

"उद्या कर ना," टीम लीडर म्हणाला. "तीन दिवस उचलला नाही तर 'संपर्क नाही' असं टाकायचं. रूल आहे आपला."

"त्या एक दिवस चुकल्या नाहीत रे."

"लग्नाला गेली असेल कुठे. तुझ्या लिस्टमध्ये अजून एकशे एकोणचाळीस आहेत. चल, कामाला लाग."

मी कामाला लागले. दुसऱ्या गावच्या एका काकांना भात कमी करा म्हणून सांगितलं, एका आजींना चपला घालून चालायला सांगितलं, आणि त्या बोलत असताना मी खिडकीपाशी उभी राहून फोन वरखाली करत होते. माझा जीव टांगणीला लागला होता आणि त्याचं कारण मला कुणाला सांगता येत नव्हतं. एक फोटो आला नाही, एवढंच तर होतं. साडेनऊला मी मावशींच्या गावच्या आशाताईंना फोन लावला.

"मी लसीच्या यादीच्या कामात आहे," त्या म्हणाल्या. "तिकडं दुपारनंतर चक्कर मारते."

"ताई, आत्ता जा. प्लीज आत्ता जा."

"तिथं एसीत बसून हुकूम सोडायला काय जातंय तुमचं? दोन किलोमीटर चालत जायचंय मला."

मला राग आला आणि त्याच क्षणी त्यांचं म्हणणं खरं आहे हेही कळलं. मी म्हणाले, "ताई, मला शिव्या द्या. पण जा. त्यांची गोळी वाढवलीय. दोनदा कापरं भरलं होतं." हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मी लिफ्टच्या दारात उभीच राहिले. गोळी वाढवलीय आणि कापरं भरतंय. ही दोन वाक्यं मी पंधरा दिवस वेगवेगळ्या रकान्यांत लिहीत होते. शेजारी शेजारी ठेवून कधी वाचलीच नव्हती.

आशाताईंनी कागद गुंडाळल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "निघाले."

पुढची चाळीस मिनिटं मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. जिन्यानं खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. वॉचमननं विचारलं, "मॅडम, काही हरवलं का?" मी नाही म्हणाले. वर येऊन डॉक्टरांना मेसेज टाकला. त्यांचं उत्तर आलं, 'गोळी ताबडतोब बंद. शुद्धीत असेल तर साखरपाणी. शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात हलवा.' तेच आशाताईंना पाठवलं. त्यांनी वाचल्याची खूण काही उमटेना.

शेवटी त्यांचा फोन आला. त्यांना धाप लागली होती. मावशी चुलीपाशी भिंतीला टेकून कलंडलेल्या होत्या, लुगडं घामानं चिंब, बोलणं बोबडं. पण गिळता येत होतं. आशाताईंनी साखरपाणी चमच्या-चमच्यानं पाजलं. मशीनवर आकडा पन्नासच्याही खाली होता. पाजल्यावर हळूहळू चढला. शेजारच्या माणसाची जीप घेऊन त्या आरोग्य केंद्रात निघाल्या होत्या.

"जीव वाचला," आशाताई म्हणाल्या. "अजून घटकाभर उशीर झाला असता तर माहीत नाही."

"पण त्या सकाळी जेवल्या नव्हत्या का?"

"कशाची जेवतीय ती? घरात कुणी नव्हतं ना. कापूस वेचायला दोघंबी पहाटंच गेले, भाकरी बांधून घेऊन."

मला ते उत्तर समजलंच नाही. घरात कुणी नव्हतं म्हणून मावशी का जेवल्या नाहीत? मी दिवसभर त्याच वाक्याभोवती फिरत राहिले.

दोन दिवसांनी मावशी घरी आल्या आणि मी फोन केला. आवाज खोल गेला होता, पण माझा फोन आला म्हणून त्यांना आनंदच झाला. मला काय झालं होतं कोण जाणे, मी चौकशी करायची सोडून रागानंच विचारलं, "मावशी, गोळी घेतली आणि जेवलात का नाही? फोटोसुद्धा नाही पाठवला!"

"कशाचा पाठवू? त्या दिशी ताटच वाढलं नाही. पहाटंपासून उभीच होते, गोळी घेतली अन् म्हशीकडं गेले, फोन घरातच राहिला."

"म्हणजे?"

"अगं, हे दोघं भाकरी बांधून घेऊन गेले. मग ताट कुणाला वाढू?"

"तुमचं ताट, मावशी. तुमच्या ताटाचा फोटो."

पलीकडे त्या हसल्या. अगदी मनापासून, एखाद्या येड्या पोरीला हसावं तसं हसल्या. "माझं कुठलं ताट आलं? तू म्हणलीस, ताट वाढलं की फोटो काढा. मी रोज आधी ह्यांचं वाढते. त्याचा काढते. मला कोण वाढायलंय?"

"मग तुम्ही कधी जेवता?"

"हे जातेत. मग भांडी, म्हैस, शेण. दोन वाजतेत. राहिलेली भाकरी असती, कढईला लागलेलं असतंय. हातावरच घेते."

मी मोबाइलमधून मागचे सगळे फोटो काढून बघितले. तेच ताट रोज. मोठं करून बघितल्यावर काठावर कोरलेलं नाव दिसलं. भांड्यांवर नाव घालून घेतात तसं ते मावशींच्या नवऱ्याचं नाव होतं. दोन महिने मी त्या माणसाच्या जेवणाला दहापैकी नऊ गुण देत होते. आणि त्याच्या बायकोला साडेआठ वाजता उपाशीपोटी गोळी घ्यायला लावत होते. दोन वाजेपर्यंत ती ज्या चहातल्या साखरेवर उभी होती, ती साखरसुद्धा मीच काढून घेतली. वर चांदणी काढली.

मला रडू आलं, पण त्याहून जास्त संताप आला. आणि संताप मावशींवर नव्हता. आमच्या घाटकोपरच्या खोलीत आई आम्हाला वाढते, मग ओट्याकडे तोंड करून, पातेल्यातूनच, उभ्या उभ्या खाते. सत्तावीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोर. आई काय जेवते हे मला सांगता येणार नाही, कारण मी तिच्या ताटात कधी डोकावले नाही. डोकावायला ताट हवं ना. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरीही 'ताट वाढलं की' हे वाक्य मी एकशे चाळीस घरांत वाचून दाखवलं. ज्यानं ते लिहिलं त्याला आयुष्यभर कुणीतरी वाढलेलंच असणार. पण मला तर हे घरात रोज दिसत होतं.

मी मावशींच्या नवऱ्याला फोन द्यायला सांगितला. त्यांना सगळं सांगितलं, जरा चढ्या आवाजात. ते शांतपणे म्हणाले, "मी काय अडवलंय का तिला? खावं की तिनं आमच्यासंगं." कुणीच अडवलं नव्हतं. मावशींना म्हणाले, "उद्यापासून त्यांच्याबरोबर बसा." त्या म्हणाल्या, "बरं." हे 'बरं' चहाच्या वेळचं नव्हतं, एवढं मला आता ओळखू यायला लागलं होतं.

डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. कमी डोस, आणि जेवणाआधी नाही तर जेवताना, पहिल्या घासाबरोबर. मी डॉक्टरांना लिहून कळवलं की माझी माहिती चुकीची होती. टीम लीडर म्हणाला, "लेखी कशाला दिलंस गं? वाट लागेल ना तुझी." लागली नाही. पण मला रोज वाटायचं, लागायला हवी होती.

मग फोटो पुन्हा यायला लागले. पहिल्या दिवशी पातेल्याच्या झाकणावर अर्धी भाकरी आणि भाजी. हे माझं, असा खाली निरोप, मुलाकडून टाइप करून घेतलेला. दुसऱ्या दिवशीही झाकणच. पण पाचव्या दिवशी तेच, काठावर नाव कोरलेलं ताट, दोन भाकऱ्या, घट्ट वरण, सगळं जिथल्या तिथे. मी गुण दिले नाहीत. तडक फोन लावला.

"मावशी, हे कुणाचं?"

"माझंच की."

"खरं सांगा."

"खरंच गं."

आता मी काय करणार? पवईतून मला परभणीकडचं ताट दिसतं, तोंड दिसत नाही. मी खिडकीपासून लिफ्टपर्यंत गेले आणि परत आले. म्हणाले, "मावशी, मला फोटो नकोच. मी रोज आठ-चाळीसला फोन करते. फोन कानाला लावूनच जेवा. मी ऐकते."

"ऐकतीस? जेवण ऐकतीस?" त्यांना हसू आवरेना. "थांब मग." थोडी खुडबूड झाली. मग कचकन आवाज आला. कच्चा कांदा. त्यामागून भाकरीचा कोरडा तुकडा मोडल्याचा आवाज, आणि संथ चघळणं.

"आलं का ऐकू?"

"आलं."

अशा रीतीनं ते सुरू झालं. एका पेशंटला चार मिनिटं हा आमचा नियम, आणि मावशींच्या फोनला अठरा-वीस मिनिटं लागायची. टीम लीडरनं आधी टोकलं, मग डोळेझाक केली. त्या खायच्या, मधेच म्हशीवर ओरडायच्या, पुन्हा खायच्या. मी तोवर बाकीच्या बायकांचे फोटो चाळायची आणि नंतर प्रत्येकीला फोन लावून विचारायची, "हे ताट कुणाचं?" उत्तरं ऐकून माझ्या येरझाऱ्या वाढल्याच. कुणाचं सासऱ्यांचं निघालं, कुणाचं लेकाचं, एकीचं तर चुलतदिराचं.

एका सकाळी मावशींचं जेवण निम्म्यावर आलं होतं. मी नेहमीसारखी पाण्याच्या मशीनपाशी फिरत होते. अचानक चघळायचा आवाज थांबला.

"लेकरा, तू जेवलीस का?"

"हो. जेवले," मी म्हणाले. डबा माझ्या बॅगेत होता, आईनं बांधला तसा.

मावशींनी भांडं बाजूला सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "खरं सांग."

"खरंच मावशी."

"मग ऐकू दे की."

फोन रेकॉर्ड होत होता. आजूबाजूला सगळे आपापल्या पेशंटांशी बोलत होते. मी खुर्ची ओढली, बसले, आणि डबा उघडला.